मी लपवलं असतं

चौथी शिकलेल्या बाईने सभेत तोंड उघडू नये, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

जर्मनीत र्युसेल्सहाइमला मुलाकडे येऊन मला सहा वर्षं झाली. घरामागच्या चर्चच्या हॉलमध्ये एक माहितीपट दाखवणार होते. सून निघाली, तशी मीही निघाले. नंतर केक असतो हे मला ठाऊक होतं. माहितीपट युद्धाच्या काळाचा होता. ज्यू लोकांना धरून नेत होते तेव्हा साध्यासुध्या माणसांनी त्यांना घरात लपवलं, त्याची गोष्ट. सून कानाशी मराठीत सांगत होती. माझ्याहून म्हातारी एक बाई आपल्या आईबद्दल बोलत होती. आईने बटाटे ठेवायच्या तळघरात एक बाई आणि तिच्या दोन मुली ठेवल्या होत्या. त्यांचे कपडे ती चुलीपाशी वाळवायची, कारण दोरीवर जास्तीचे परकर दिसले की शेजारीण मोजणार. एकदा शिपाई झडतीला आले, तर त्या आईने दारातच आरडाओरडा केला, "आत्ता फरशी पुसलीय, चिखलाचे बूट घेऊन कुठे येता?" ते ओशाळून परत गेले.

संपल्यावर चर्चच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?" सगळे जर्मन आपापल्या बुटांकडे बघत बसले. मी सुनेला म्हटलं, "सांग त्यांना, मी लपवलं असतं. दोन काय, दहा लपवले असते."

"आई, गप्प बसा ना."

"सांग गं."

तिने सांगितलं. दहाचे दोन केले, ते मला घरी आल्यावर कळलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने वळून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याला कौतुक वाटलं असं समजून मी केकचा दुसरा तुकडा घेतला.

महिन्याभराने, एका मंगळवारी, सून एका मुलीला घेऊन आली. मुलीच्या हातात एकच पिशवी. ओळखीचीच होती, पुण्याची. नवरा इंजिनीयर. गणपतीत दोघं आमच्याकडे जेवायला यायची. नवरा तिला मारत होता. अशा बायकांना ठेवून घेणारं एक घर इथे असतं, पण तिथे जागा गुरुवारी होणार होती. दोन दिवस ती आमच्याकडे राहणार. तो तिला शोधत फिरत होता. माझा मुलगा कामासाठी ड्रेस्डेनला गेलेला, आणि सुनेला बुधवारी ऑफिसला जाणं भाग होतं.

"आई, दार उघडायचं नाही. कुणालाच नाही."

"मला नको शिकवूस," मी म्हटलं. "मी ती फिल्म बघितलीय."

बुधवारी अकराच्या सुमाराला खालची बेल वाजली. सुनेची पार्सलं रोज येतात. डोक्यात काही यायच्या आत हात खालचं दार उघडायच्या बटणावर गेला होता. मुलगी आतल्या खोलीत पळाली. मी दार उघडलं तर समोर तो.

"काकू, ती तुमच्याकडे आलीय का?"

"कोण? नाही रे बाबा. गणपतीनंतर तोंड नाही दाखवलं तिने."

इतकं सफाईदार खोटं मी जन्मात बोलले नव्हते. मला माझाच अभिमान वाटला. त्या भरात पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडलं, "थंडीतून आलायस, ये आत, चहा टाकते."

साठ वर्षं दारात आलेल्या प्रत्येकाला मी हेच म्हणत आलेय. आमच्यावर कोर्टात दावा लावलेल्या चुलत दिरालाही म्हटलं होतं. मला भान येईपर्यंत याने बूट काढले होते.

सोफ्यापासून त्या खोलीचं दार चार पावलांवर. आतलं काही ऐकू जाऊ नये म्हणून मी भांडी आपटत चहा केला. त्याचे डोळे भरून आले.

"काकू, माझं काय चुकलं ते तरी सांगा."

"साखर किती?" मी विचारलं.

चहा दिला. चिवडा दिला, तो त्याने मागितलाही नव्हता. मग त्याने बाथरूम विचारलं. ते त्या खोलीला लागूनच. मी म्हणाले, नळ बिघडलाय. पाचच मिनिटांपूर्वी तिथून ओले हात पुसत मी आले होते, ते त्याने पाहिलं होतं. तो उठला, बूट घातले, वाकून नमस्कार केला. आणि मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखी राहा. पुढच्या वेळी जोडीने या."

दार लावलं. मुलगी बाहेर आली. कपाटात, थंडीच्या रजयांमध्ये बसली होती. केस चिकटलेले, चेहरा पांढरा.

"काकू, जोडीने या?"

"सवय गं," मी म्हटलं.

"तोही तेच म्हणतो. सवय."

तिने पिशवी भरायला घेतली. थांब म्हणाले, तर म्हणाली, "तुम्ही परत उघडाल." खोटं नव्हतं. मी सुनेला फोन केला आणि काय झालं ते सगळं सांगितलं, चिवड्यासकट. ती मग म्हणाली, "खालच्या बाईंना विचारते."

खालच्या मजल्यावर एक जर्मन बाई एकटी राहते. तिने सहा वर्षांत कधी आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आमच्या घरात तिचं नाव माणूसघाणी. सुनेचा फोन झाला आणि त्या बाईने जिन्यात येऊन मुलीची पिशवी उचलली. एक प्रश्न विचारला नाही.

गुरुवारी सकाळी तो परत आला. मी बटणाला हात लावला नाही. दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी होते. मग त्याने खालच्या बाईची बेल दाबली. तिचा आवाज जिन्यातून वर आला. "नाइन." नाही, एवढंच. त्याने पुन्हा दाबली, ती पुन्हा तेवढंच म्हणाली. तो गेला. दुपारी मुलगी गाडीत बसून बायकांच्या त्या घरी गेली. वर मला भेटायला आली नाही.

संध्याकाळी मी त्या बाईला शिरा घेऊन गेले. तिने दार वीतभर उघडलं, वाटी घेतली, आभाराचं डांके म्हणाली आणि दार लावलं. मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. तिने मला आत बोलावलं नाही. बरोबरच केलं.