वच्छलाकाकूचं पथ्य

वच्छलाकाकू कोणाच्याही घरी जेवायला बसण्याआधी सरळ स्वयंपाकघरात जायची आणि तवा पाहायची. तव्याच्या कडेवरून बोट फिरवायची, ते नाकाशी न्यायची आणि तोंड असं वाकडं करायची की यजमानीणबाईला आपलं घर गटारीवर बांधलंय की काय असं वाटावं. "पोट हाये माहं, उकिरडा नाई," असं म्हणून ती तशीच उठायची. रिसोडमध्ये तिला जेवायला बोलावणारे हळूहळू कमी झाले ते यामुळेच.

आमच्या कॉलनीच्या मागेच तिचा भाजीचा मळा होता. मी शाळेत शिक्षिका, खोली करून एकटी राहणारी. रोज सकाळी ती मेथी-पालकाच्या जुड्या घेऊन बाजाराला निघायची आणि जाताना माझ्या दाराशी थांबून एखादी जुडी आणि गावातल्या कोणाविषयी तरी दोन वाईट शब्द देऊन जायची.

तिला गहू चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे आवडत नव्हता असं नाही. गव्हाचा कण पोटात गेला तरी आतडं आतून सोलवटायचं. हे कळायलाच बारा वर्षं गेली. तोवर जुलाब, अशक्तपणा, झडणारे केस. कोणी बाहेरचं आहे म्हणालं, कोणी शेजारणीची नजर म्हणालं. शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांनी निदान केलं आणि गहू, मैदा, रवा, शेवया, बिस्किटं जन्मभरासाठी बंद झाली. काकूला त्याचं फार दुःख झालं नाही. "ज्वारीवर वाढली मी. गहू तं सणासुदीले पाह्यचो आमी," ती म्हणाली.

पण पथ्य पाळून दोन वर्षं झाली तरी ती भरून येईना. मग नागपूरकरांनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. एक तर बाई चोरून खातेय, नाहीतर आतड्यात आणखी काही वाढतंय, हे पाहायचं होतं. काका मळा सोडू शकत नव्हते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी सोबत गेले. "तू नुसती वाचत जाय," काकू मला म्हणाली. "डब्यावर काय लिवलं, पाटीवर काय लिवलं, समदं वाच. मले अक्षर येत नाई अन् त्याईच्यावर माहा भरोसा नाई."

पहिल्याच दिवशी भरोसा न ठेवण्याचं कारण मिळालं. दवाखान्याजवळच्या एका चकचकीत हॉटेलात वेटरला मी तीन वेळा समजावलं. "गहू, मैदा काही नाही, मॅडम," तो म्हणाला. भाजी आली ती खळ घातल्यासारखी घट्ट, वर लाल तेलाचा तवंग. काकू ताट तसंच ठेवून उठली आणि भटारखान्यात शिरली. मी मागोमाग. आत एक माणूस रश्श्यात मैद्याची पेज ओतत होता. शेजारच्या ओट्यावर एक काळं, ओलं फडकं पडलं होतं. त्याच फडक्यानं त्यानं आधी ओटा पुसला, मग हात, मग कपाळ, मग आमच्यासारख्याच कोणाच्या तरी ताटाची कड. मी दाराकडे सरकले. काकूनं फक्त नाकाला पदर लावला.

दुसरीकडे डोसा मागितला. तांदळाचा आहे म्हणून. तिथं एकाच तव्यावर आधी रवा डोसा टाकला होता आणि मग तवा झाडूनं झाडला होता. खरोखर झाडूनं. तिसऱ्या ठिकाणच्या कढईत तेल नव्हतं, डांबर होतं. मालकाला विचारलं तर तो हसला. "थोडंसं गेलं तर काय होतं, मावशी?"

"तुह्या डोयात थोडंसं तिखट टाकू काय?" काकूनं शांतपणे विचारलं.

दुपारी एका गल्लीत दुर्गाबाईंची खानावळ सापडली. दुर्गाबाई सोलापूरकडच्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. पेशंटच्या नातेवाइकांना जेवण द्यायच्या. ज्वारीच्या भाकरी आणि पोळ्या, दोन्ही करायच्या. आम्ही सगळं सांगितल्यावर त्यांनी वेगळा तवा काढला, राखेनं घासला, परात धुऊन उन्हात पालथी घातली. काकूचं वरण वेगळ्या पातेल्यात करायच्या आणि फोडणीला हिंग काकूच्याच डबीतला घालायच्या, कारण दुसऱ्याच्या हिंगावरही काकूचा विश्वास नव्हता. वर काकू घरून आणलेली, हिंग घातलेली शेंगदाण्याची चटणी दोन्ही वेळेला खायची. दोन दिवस ती समाधानानं जेवली. तिच्या तोंडून शहराविषयी निघालेला एवढा एकच बरा शब्द मला आठवतो, "ही बाई माणसात हाये."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटात कळा आल्या. गावाकडेही अधूनमधून यायच्या, पण इतक्या नाही. जुलाबांनी ती पिवळी पडली. दुपारी जेमतेम उठली आणि भिंतीला धरत खानावळीत गेली. पंधरा-वीस माणसं जेवत होती.

"गहू लावला तू," ती दुर्गाबाईंना म्हणाली.

"न्हाई वो मावशी. देवाशपथ न्हाई."

"खोटं बोलून राह्यली. समदे सारखे तुमी. त्याच हातानं पोळ्या लाटतं अन् त्याच हातानं मले वाढतं." आणि तिनं आपल्यासाठी वाढून ठेवलेलं ताट पालथं केलं. वरण दुर्गाबाईंच्या लुगड्यावर उडालं. दोघं-तिघं जेवता जेवता उठले. दुर्गाबाईंनी लुगडं झटकलं, वाकून ताट उचललं. मला काकूची शिसारी आली. खरं सांगते, हॉटेलातल्या त्या फडक्याची आली नव्हती इतकी.

दोन दिवसांनी दवाखान्यात तपासणीचा निकाल आला. वाढलेलं काही नव्हतं, पण आतडं अजून सोललेलंच होतं. डॉक्टर कागदावरून नजर न काढता म्हणाले, "आजी, कुठंतरी खाताय तुम्ही. सगळे पेशंट नाहीच म्हणतात."

"म्या खाल्लं नाई, साहेब."

"असंच म्हणतात सगळे."

काकूनं पदर डोक्यावरून ओढून घेतला. 

डॉक्टरांनी आम्हाला आहार सांगणाऱ्या मुलीकडे पाठवलं. तिनं विश्वास-अविश्वासाचं काही काढलं नाही. पिशवीत काय काय आहे ते टेबलावर मांडायला सांगितलं. ज्वारीचं पीठ, चटणी, तिखट, हळद, हिंगाची पिवळी डबी. डबी तिनं उचलली, खिडकीशी नेली, डोळे बारीक केले.

"यात गव्हाचं पीठ आहे, आजी. हिंग सौम्य करायला बऱ्याचदा घालतात. रोज खाता?"

घरी रोज दोन वेळा, वरणात. इथं वरणात आणि चटणीतही. ती डबी गावी मीच दुकानातून आणून द्यायचे. बिस्किटाचे पुडे, मसाल्याच्या पिशव्या, सगळं मी तिला वाचून दाखवलं होतं. हिंगाची डबी कधी उलटी करून पाहिली नव्हती. हिंगात गहू असेल असं कोणाच्या मनात येतं? पण मला वाचण्यासाठीच तर आणलं होतं. मला माझीच किळस आली. बाहेरच्या बाकावर बसून मी रडायला लागले.

"तू वाचलं नाई, मी इचारलं नाई," काकू म्हणाली. "आर्धं आर्धं वाटून घेऊ. रडू नको." मग पिशवी उचलून उभी राहिली. "पर त्या बाईचं कोणाच्यात वाटू?"

जेवणाच्या वेळेला तिनं मला खानावळीत नेलं. माणसं जेवत होती, त्यांतली काही परवाचीच. काकू दारातच उभी राहिली आणि बाजारात भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "परवा म्या या बाईले चारचौघात खोटी म्हणलं. गहू माह्याच डबीत होता. खोटी मी होती."

दुर्गाबाईंनी भाकरी थापणं थांबवलं नाही. "तवापासून आठ माणसं याची बंद झाली, मावशी," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतरचे चार दिवस आम्हाला औषधांसाठी थांबावं लागलं. त्या चारही दिवशी जेवणाच्या वेळेला काकू दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन बसायची. रिकामी पिशवी घेऊन जेवण शोधत निघालेल्या माणसाला थांबवायची. "त्या गल्लीत जाय, बाप्पा. चोखी बाई हाये. म्या तिले खोटं पाडलं होतं, म्हून सांगून राह्यली." तिची बोली कोणाला कळायची, कोणाला नाही. काहींना ती वेडी वाटली. निघालो त्या दिवशी दुर्गाबाईंनी तिला दोन भाकरी बांधून दिल्या. आणि तव्याकडे वळल्या.

हिंग सुटल्यावर काकू सहा महिन्यांत भरली. आणखी चार वर्षं तिनं मळा केला. लोकांविषयी वाईट बोलणं काही सुटलं नाही. गेल्या थंडीत वाफ्याला पाणी देता देता ती बसली आणि गेली. हृदयाचं होतं, पोटाचं नाही.

काकू गेल्याचं सांगायला मी दुर्गाबाईंचा नंबर शोधून त्यांना फोन केला. ओळख पटायला वेळ लागला. मग पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"ताट पालथं घालून गेलेली माणसं लई बघितली, बाई," त्या म्हणाल्या. "माघारी आलेली ती एकलीच."