शंभर रुपये माणशी

पोकर मला माझ्या पुतणीने शिकवला. ती बंगळूरच्या एका कंपनीत आहे, पण घरून काम करायची मुभा मिळाली म्हणून भिलाईला माझ्या दादाकडे येऊन राहिली. एका रविवारी आमच्या सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये जेवायला आली आणि जेवणं झाल्यावर तिने मला खेळ समजावून सांगितला. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले. मध्ये पाच पत्ते उघडे, सगळ्यांचे मिळून. पण ते एकदम उघडायचे नाहीत. आधी तीन, मग एक, मग शेवटचा. दर वेळी बोली लावायची, नाहीतर पत्ते टाकून गप्प बसायचं.

मी जन्मभर रमी आणि तीनपत्ती खेळलेला माणूस. तिसऱ्याच डावात, माझ्याकडे काहीही नसताना, मी असा चेहरा करून बसलो की पुतणीने तिचे चांगले पत्ते टाकून दिले. भिलाईच्या स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये माझी अठ्ठावीस वर्षं गेली आहेत, पण असा झटका मला कधी बसला नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी मी सायकल काढून उगाच सिव्हिक सेंटरपर्यंत जाऊन आलो. घरात बसवतच नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही पाच जण झालो. मी, पुतणी, माझा शाळेपासूनचा मित्र, जो रेल्वेत लोको पायलट आहे आणि दुर्गला राहतो. आमच्याच प्लांटमधला एक क्रेन ऑपरेटर, सेक्टर दोनचा, अस्सल छत्तीसगढी. आणि वैशाली नगरातला हार्डवेअरचा दुकानदार, ज्याच्याकडून मी घरचे नळ आणि स्विच घेतो. दुपारी तीन ते सात. प्रत्येकाने दोनशे रुपये लावायचे, तेवढ्याच्या प्लास्टिकच्या चकत्या घ्यायच्या, संपल्या की बघत बसायचं. यापेक्षा जास्त कोणी लावायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं.

मी सोमवारपासून रविवारची वाट बघायचो. पुतणीने सांगितलं होतं की माणसाचे हात बघा, तोंड नका बघू. म्हणून मी कॅन्टीनमध्ये चहा पिणाऱ्यांचेसुद्धा हात बघायला लागलो. मित्र चांगले पत्ते आले की चष्मा पुसायचा. क्रेन ऑपरेटरचं मात्र काही कळायचं नाही. ज्याने सगळी नोकरी उंचावर एकट्याने बसून काढली, तो काय चेहऱ्यावर दाखवणार?

या सगळ्यात बायको दर रविवारी दोनदा चहा, एकदा पोहे किंवा आलुबोंडे करत होती. जाता-येता खोलीत डोकवायची, रिकामे कप उचलून न्यायची. चार महिन्यांनी एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "सगळे रविवार आपल्याच घरी कावून?"

मी ते ऐकलं आणि माझ्या परीने अर्थ लावला. खर्च होतो, गॅस जळतो, दुधाची पाकिटं दुप्पट लागतात. तिचं बरोबर होतं. मला स्वतःचीच लाज वाटली आणि तोडगाही तितक्याच झटकन सुचला. पुढच्या रविवारी मी सांगून टाकलं की यापुढे माणशी शंभर रुपये, चहा-नाश्त्याचे.

कोणी नाही म्हटलं नाही, पण चर्चा लांबली. मित्राला धास्ती होती. जुगाराच्या अड्ड्यावर चालवणारा आपला हिस्सा काढून घेतो, त्याला नाल म्हणतात. तो म्हणाला, "तू नाल काढून राहिला अशी कोणी बोंब मारली तं माही नोकरी जाईन." पुतणीचं म्हणणं असं की डावातून पैसे काढले तर गोष्ट वेगळी, मग घर घर राहत नाही, पण खाण्यापिण्याचे सगळ्यांनी सारखे दिले तर त्यात चोरी कसली? क्रेन ऑपरेटरने सरळ नोट काढून टेबलावर ठेवली. दुकानदाराने सगळ्यात खुशीने दिले. तो म्हणाला, हे उत्तम झालं, आता संकोच नाही.

त्याचा संकोच खरंच गेला. दुसऱ्याच रविवारी त्याने विचारलं, नाश्त्याला दर वेळी तेच का असतं. त्याच्या पुढच्या वेळी पंख्याचा आवाज येतो म्हणाला. मग कोल्ड ड्रिंक पुरेसं थंड नव्हतं. आधी हाच माणूस येताना घरून केळी, कधी शेव घेऊन यायचा. ते बंद झालं. मित्र पूर्वी जाताना कप स्वतः मोरीत नेऊन ठेवायचा. आता कप तिथेच राहायचे. आणि मीही बदललो. पैसे घेतले आहेत म्हणून दर अर्ध्या तासाने उठून कोणाला काय हवं-नको बघायचो, परत येईपर्यंत डाव निघून गेलेला असायचा. शंभर रुपये घेऊन मी माझ्याच घरात वेटर झालो होतो, आणि ते मला कळतही नव्हतं.

मग तो डाव आला.

माझ्या हातात बदामची सत्ती आणि अठ्ठी. मध्ये पहिले तीन पत्ते उघडले: बदामची नव्वी, बदामची दश्शी आणि इस्पिकचा एक्का. चार पत्ते ओळीने, चारही बदाम. चौथा पत्ता आला किलवरचा एक्का. दुकानदाराने सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या. मित्राने पत्ते टाकले, पुतणीने टाकले, क्रेन ऑपरेटरने माझ्याकडे एकदा बघून टाकले. शहाणा माणूस तिथे थांबला असता. मी माझ्या सगळ्या चकत्या ढकलल्या. पुतणीचं 'हात बघा' आठवलं आणि हात टेबलाखाली घेतले.

पुतणीने शेवटचा पत्ता उलटला. बदामचा गुलाम.

सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम. पाचही बदाम. तीनपत्तीत जिला प्युअर सिक्वेन्स म्हणतात ती, पण सलग पाच पत्त्यांची. दुकानदाराकडे मधले पत्ते धरून तीन एक्के आणि दोन दश्श्या होत्या. त्याच्या जागी कोणीही असता तरी तेच केलं असतं. पुतणीने मला आधीच सांगून ठेवलं होतं की असा हात लोकांना जन्मात एखाद्या वेळी येतो, नाहीतर येतच नाही. मी खुर्चीवरून उठलो होतो. मी दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि सगळ्यांकडे बघितलं. वाटलं, आता कोणीतरी पाठीवर थाप मारेल.

दुकानदार पत्ते गोळा करत म्हणाला, "आज तो डबल कमाई हो गई, भाई साहब।"

चिडून नाही बोलला. अगदी सहज बोलला. म्हणूनच ते लागलं. मित्र हसला नाही, पण त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मी बसलो, पुढचे डाव कसेबसे खेळलो आणि सातच्या आधीच खेळ मोडला.

सगळे गेल्यावर बायकोला सांगितलं. आधी हाताबद्दल, पत्त्यांची नावं घेऊन, मग ते वाक्य. ती कणीक मळत होती. मी म्हटलं, तुझ्यासाठी मी पैसे घ्यायला लागलो आणि त्याचं हे झालं.

तिचा हात थांबला. "मी पैशाचं कधी म्हटलं? मी म्हटलं होतं, सगळे रविवार आपल्याच घरी कावून. मले रविवार पाहिजे होता."

"मग बोलली का नाही इतके दिवस?"

"बोलली तं होती. तुमी पैसे घेऊन राहिले. मले वाटलं, असन तुमचं काही."

पैसे घ्यायला लागल्यापासून तिने दर रविवारी माझं उत्तर शिजवलं होतं, आणि ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मला हसूही आलं आणि भयंकर ओशाळायलाही झालं. मी तिथेच, ओट्यापाशी उभं राहून, चौघांना फोन केले. शंभर रुपये बंद. यापुढे पाळीपाळीने प्रत्येकाच्या घरी.

क्रेन ऑपरेटर म्हणाला, पहिली पाळी माझी. दुकानदाराने मात्र मला दुसऱ्या दिवशी दुकानात बोलावून घेतलं आणि हळूच विचारलं की दोनशे घ्या, पण खेळ तुमच्याचकडे ठेवा, जमेल का. त्याच्या घरी वडील होते, त्यांना पत्ते चालत नसत. मला त्याचा राग येईना. पैसे देणं त्याला खरोखर सोपं होतं. मी म्हटलं, तुमची पाळी सगळ्यात शेवटी ठेवू.

त्या रविवारी बायको सकाळीच दुर्गला बहिणीकडे गेली आणि मी सेक्टर दोनला. क्रेन ऑपरेटरच्या बायकोने तांदळाच्या पिठाचे गरम चिले आणि टमाट्याची चटणी समोर ठेवली. मी खाल्लं आणि बसून राहिलो. उठायचं नव्हतं. दूध उतू जातंय का, कोणाचा कप रिकामा झाला, काही बघायचं नव्हतं. इतके महिने पोकर खेळूनही सलग चार तास मी पहिल्यांदा खेळलो. हरलो, पण काय हरलो! शेवटच्या डावात कचरा पत्त्यांवर मित्राला इतका घाबरवला की तो घामाघूम झाला. आणि मग त्याने चष्मा पुसला, तरी मी थांबलो नाही. सगळ्या चकत्या गेल्या. घरी परततानाही तोच डाव डोक्यात होता.

दुकानदाराची पाळी तीन वेळा पुढे गेली. चौथ्या वेळी त्याने स्वतःच बोलावलं. पत्ते नजरेस पडू नयेत म्हणून वडील पलीकडच्या खोलीत होते, बायको माहेरी. तो एकटाच चहा करत होता, बशीत सांडत होता, धावत येऊन पत्ते बघत होता आणि परत धावत होता. तासाभरात निम्म्या चकत्या गमावून तो दारात ट्रे घेऊन उभा राहिला आणि हिंदीत मला म्हणाला की तुम्ही इतके दिवस हे करत कसे होता.

मी उठलो, ट्रे त्याच्या हातातून घेतला आणि त्याला खुर्चीत बसवलं. पुतणीने तोवर नवे पत्ते वाटले होते. माझे दोन मी तसेच पालथे ठेवून स्वयंपाकघरात गेलो, साखरेचा डबा शोधत होतो, तेवढ्यात बाहेरून तिने विचारलं, "काका, तुमचं काय?"

मी न बघताच आतून ओरडलो, "खेळतो."

बाहेर सगळे हसायला लागले. सगळ्यात मोठा आवाज दुकानदाराचा होता.