कपाटाखालच्या दोघी

भटक्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेल्या दोन मांजरी आमच्या कपाटाखाली एकमेकींना चिकटून बसल्या आहेत. काळी पुढे, पांढरी तिच्या आडोशाला. शेजारच्या वहिनींनी काल वाकून पाहिलं. "काळी परत देऊन टाका हो. ती गेली की पांढरी आपोआप माणसाळेल," म्हणाल्या आणि झाडूच्या दांड्याने काळीला डिवचायला लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी झाडू हिसकावून घेतला.

लहानपणी पाहुणे आले की मला आईच्या पदराआडून असंच ओढून काढायचे. "गाणं म्हणून दाखव!" मी रडले की सगळे हसायचे, "कसली घुमी आहे!" आपल्याला घरात भित्रं कुणी चालतच नाही. आसरा दिला रे दिला की त्याने समोर येऊन गोड वागून दाखवायचं. का म्हणून? आणि ज्याच्या आडोशाने जीव तगला, तो आडोसाच आधी काढून घ्यायचा?

"मग पाळून उपयोग काय?" वहिनी फणकारल्या. "दिसतसुद्धा नाहीत!"

"मलाही दिसत नाहीत," मी म्हटलं. "सकाळी वाटी चाटूनपुसून ठेवलेली दिसते. माझं तेवढ्यावर भागतं."

आणि वहिनींसाठी दार उघडून धरलं.