पाचवी अक्षत

परतूरच्या धान्याच्या मोंढ्याजवळ अमृतलाल शेठजींचं टीव्ही-रेडिओचं दुकान होतं. तिथली झाडलोट आणि देवपूजा नंदाबाईंकडे. आमच्या गल्लीतल्याच त्या. हमालीत नवऱ्याची कंबर गेली तेव्हापासून घर त्यांच्याच पगारावर चाललेलं. दुकानात नवी वस्तू आली की आधी नंदाबाईंनी कुंकवात भिजवलेल्या पाच अक्षता वाहायच्या, मगच शेठजी तिचं बटण दाबायचे. सात वर्षं हाच नेम.

२००७ साली कंपनीचे एक साहेब औरंगाबादहून नमुन्याचा डिस्क प्लेअर घेऊन आले. बाजारात यायला त्याला अजून चार महिने होते. डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ चित्र, घरातच थेटर, असं ते सांगत होते. पाच वाजता गावातली बडी मंडळी बघायला येणार होती. मशीन जोडून ठेवून साहेब आणि शेठजी जेवायला गेले.

नंदाबाई तबक घेऊन आल्या. मशीन काळं, आरशासारखं. अक्षता कुठं वाहाव्यात कळेना. बोट कुठंतरी दाबलं गेलं आणि आतून एक ताटली बाहेर आली. त्यांना वाटलं, यानं आपण होऊन जागा दिली. त्यांनी अक्षता ताटलीत ठेवल्या, हात जोडले. पदर लागला तशी ताटली सर्रकन आत गेली आणि आतून घर्र आवाज आला.

नंदाबाईंनी घाईघाईनं पुन्हा बटण दाबलं. ताटली बाहेर आली, पण तिच्यावर तीनच अक्षता.

त्या उचलून ताटली पुसून टाकली असती तर कुणाला कळणार होतं? पण साहेब परत आल्या आल्या नंदाबाईंनी सगळं सांगितलं. साहेबांनी मशीन उपडं करून हलवलं. आणखी एक दाणा पडला. साहेबांचा चेहरा उतरला होता.

"हे मी माझ्या सहीवर आणलंय, शेठजी. आतल्या भिंगाला दाणा लागला तर माझं काही खरं नाही. बाई, चारच असतील ना?"

शेठजींनी साहेबांच्या मागून नंदाबाईंना चार बोटं दाखवली.

"पाच होत्या, साहेब. म्या कधीच चार वाहिल्या न्हाईत."

कार्यक्रम रद्द झाला. जमलेल्यांपैकी काकासाहेब जाता जाता म्हणाले, "काय शेठजी, मशीननं आज उपास धरला का?" लोक हसले. शेठजी हसले नाहीत. "नंदाबाई, उद्यापासून येऊ नको," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मी नळावर होते. नंदाबाई दिवा लावायच्या आधी हात धुवायला आल्या, बांगडी मागं सारली आणि थिजल्याच. बांगडीच्या मागं मनगटाला लाल दाणा चिकटला होता.

"ताई, मशीनमंदी कायबी राह्यलं न्हवतं. आता शेठजी काय म्हणतील!"

मला त्यांची कीव आली. "टाका पाण्यात," मी म्हणाले. "नोकरी गेलीच आहे. आता शिव्या कशाला खायच्या?"

"अन् ते साहेब रातभर घाबरत बसतील त्याचं काय?"

न धुतलेला हात छातीशी धरून त्या निघाल्या. मीही मागोमाग गेले. साहेब स्टेशनला जायच्या तयारीत होते, मशीन खोक्यात गेलं होतं. नंदाबाई पुढं झाल्या. त्यांनी नुसतं मनगट पुढं केलं.

शेठजी दाण्याकडं पाहतच राहिले. साहेबांनी खोकं उघडलं, मशीन जोडलं, डिस्क घातली. देवाचं नाव घेत आम्ही चौघं उभे. पडद्यावर एक झाड आलं. पानावरच्या मुंगीचे पायसुद्धा मोजता येत होते. साहेबांनी खाली बसून डोळे पुसले.

शेठजी नंदाबाईंकडं वळले. मग म्हणाले, "उद्या जल्दी ये. आज देवापुढं दिवा राह्यलाय."

परवा मी नंदाबाईंना विचारलं, "ते चित्र आठवतं का हो?"

"कुनी पाह्यलं, ताई! म्या तर डोळे मिटून घर्र ऐकू येतंय का, तेच ऐकून राह्यल्ते."