वहीतले रिकामे चौकोन

गावच्या डेअरीत वीस-बावीस वर्षं दुधाची वही मीच लिहिली. मंग डोळ्यांना बारीक अक्षर दिसेनासं झालं आणि माझ्या जागी सून बसली, कॉम्प्युटर घेऊन. बसण्याआधी तिनं मला विचारलं, "आत्याबाई, दूध घेताना तुम्ही काय काय बघता, ते सगळं सांगा. मी यात टाकते."

मी सांगितलं. नंबर आला की नाव बघते, गाय का म्हैस ते बघते. फॅट एकदम उतरली, तरच जनावरांची दुसरी वही उघडते. जनावर नुकतं व्यालंय का, आजारी हाय का. सगळ्यांसाठी उघडत बसलं तर रांग चावडीपर्यंत जाईल. तिनं बराबर तसंच केलं. काट्यावर दूध आलं की नंबरामागं नाव आपोआप लागायचं, आणि फॅट उतरलेली असली तरच मशीन जनावरांच्या यादीत डोकवायचं. मी तिथंच खुर्ची टाकून कौतुकानं बघत राह्यले.

रांगेत आपा असायची. माझ्याच वयाची, एकटी, मुलगा पुण्याला. एक म्हैस, एक किटली.

"क्या बाई, नोकरी गेली तरी खुर्ची सुटंना?"

"तू पाणी घालती का, ते बघायला बसले."

मागच्या थंडीत मी चार दिवस लेकीकडं अंकुशनगरला गेल्ते. आले त्या सकाळी रांग संपली, तरी आपा न्हाई. सुनेला विचारलं. तिनं स्क्रीनवर शोधलं आणि तिचा चेहराच उतरला. "परवापासून तिची एंट्रीच न्हाई. आत्याबाई, जे दूध येतं त्याचंच बघतं हे. आलंच न्हाई तर काय बघणार?"

मी तशीच आपाच्या घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. शेजारपाजार सगळा कापूस वेचायला रानात, म्हैस ओरडून ओरडून थकलेली. आपा चुलीजवळ पडलेली, एक अंग गेलेलं, डोळे उघडे.

अंबडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. तिथं बाकड्यावर बसल्यावर मला आठवलं. वहीत प्रत्येक नंबरापुढं चौकोन असायचा. रांग संपली की रिकाम्या चौकोनांवर माझी नजर जायची आणि मी वरडायचे, "हिच्या घरी बघा गं कुणी, आज आली न्हाई!" रोजचं होतं ते. पण सुनेला सांगताना ते तोंडातून निघालंच न्हाई. हे पण आपण बघतो, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

सुनेनं दुसऱ्याच दिवशी तेही बसवलं. आता न आलेले नंबर आठ वाजता स्क्रीनवर येतात.

दवाखान्यात आपाला बोलता येत नव्हतं. चालत्या हातानं तिनं माझं बोट धरून ठेवलं होतं. मला राहवलं न्हाई, सगळं सांगून टाकलं. वही असती तर पहिल्याच सकाळी कुणीतरी तुझ्या दारात आलं असतं, म्हणाले. सांगायला नको होतं. तिनं बोट सोडलं. थकली असेल.

दोन दिवसांनी ती गेली.