मालकांची आरोळी ऐकायला नांदेडला

तर सगळ्यात आधी कोण आलं, तर नसरीन. आमची पल्लवी नव्हं. मी नांदेडच्या स्टँडवर पिशव्या मांडून बसलेली, नात येईल म्हणून मान लांब करून बघायली, आणि गर्दीतून ही तिची मैत्रीण, उदगीरची पोरगी, ओढणी सावरत येताना दिसली.

"आजी, पल्लवीला उशीर होतोय. तिच्या मॅडमनी धरून ठेवलंय."

"धरून ठेवायला वासरू हाय का ती?" मी म्हणलं. नसरीन हसत सुटली आणि त्यातली जड पिशवी तिनं बरोबर ओळखून उचलली. गेल्या येळवशीला पण आमच्या शेतात सगळ्यांच्या आधी तीच पोचली होती, आणि भज्जी पण सगळ्यांपेक्षा जास्त तिनंच खाल्ली होती.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लातूरकडं नसलेल्यांसाठी सांगते. ऐन थंडीत येते. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, आत पाच दगड चुना लावून पांडव म्हणून मांडायचे. खायला शेंगा-भाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. ओळखीचा असो नसो, बांधावर आला तो जेवूनच जातो. मग दिवस मावळताना घरचा गडीमाणूस आंबिलीचं मडकं घेऊन शेताला फेरी घालतो, आंबील शिंपडतो आणि आरोळी देतो. ती कानडी हाय म्हणतात. अर्थ विचारला तर ज्याचा त्याचा वेगळा. शब्द इथं लिहीत नाही, ते शेतातच म्हणायचे.

माझी नात ह्याच आरोळीवर पीएचडी करते. गावोगाव कशी देतात ते रेकॉर्ड करते. गेल्या येळवशीला तिनं आमच्या शेतात मालकांची आरोळी घेतली. मालक म्हणजे माझे घरधनी, पल्लवीचे आजोबा. पावसाळ्यात ते गेले.

गावात सगळ्यांना सांगितलं की विद्यापीठ बघायला चालले. खरं कारण दुसरंच होतं. मालकांचा चेहरा डोळ्यापुढं येतो, पण आवाज आठवायला गेलं की निसटायला लागला होता. एका सकाळी कितीतरी वेळ प्रयत्न केला, आलाच नाही. त्याच दिवशी पिशवी भरायला घेतली. पल्लवीला फोनवर तो आवाज मागितला असता तर तिनं पाठवला असता. पण चुलीपुढं एकटीनं ऐकायचा धीर नव्हता.

आता रस्त्याचं, म्हणजे कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल. आमचं गाव जळकोटजवळ. सकाळची एसटी धरली, मुखेडला उतरून दुसरी गाडी. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळं गाडीत बायाच बाया. शेजारच्या बाईनं मुखेडपर्यंत सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं आणि उतरताना म्हणाली, "तशी चांगली हाय हो." मुखेडला बाजार होता. स्टँडबाहेर गरम भजी आणि चहा घ्या, पण पाणी घरचं न्या. उजव्या खिडकीला बसू नका, उन्हात भाजून निघता. वाटेत दोन्हीकडं तुरी फुलून पिवळ्या झालेल्या. मालक असते तर कंडक्टरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात कुणाची तूर कशी साधली ते बोलत बसले असते. मी ते वाक्य मनात म्हणून बघितलं. शब्द आले, आवाज माझाच.

विद्यापीठ गावाबाहेर माळावर. स्टँडवरून रिक्षा मिळते, भाव आधी ठरवा. नसरीननं ठरवला, मला तोंड उघडू दिलं नाही.

पल्लवी अजून सुटली नव्हती, म्हणून नसरीननं मला फिरवलं. बाई, काय काय शोधायलेत ही लेकरं. एका खोलीत जुन्या देवळांच्या दगडांवरची अक्षरं कागदावर उतरवून वाचायलेत. एकीकडं एक मुलगी उसतोडीला जाणाऱ्या बायांच्या दुखण्यांचा अभ्यास करते, माझ्याशी बोलताना तिची नजर आधी माझ्या कमरेकडं गेली. एक पोरगा ताऱ्यांच्या उजेडावरून तारा कशाचा बनलाय ते सांगतो. मी म्हणलं, "तिथं जाऊन कोण बघणार, दडपून सांग." तो म्हणाला, "आजी, माझे सर सोडत न्हाईत ना."

मग गौतम भेटला. हा मुखेडचा, येळवशीला नसरीनच्या मागून आला होता. गणितात संशोधन करतो. त्याचा फळा बघितला तर सगळी अक्षरं, आकडा औषधाला नाही.

"आकडे कुठायत रे?"

"ते संपल्यावर पुढचं गणित सुरू होतं, आजी."

"घरी काय सांगतोस मग?"

"आई म्हणती, हिशोब चुकला तरी कुणाला कळायचं न्हाई, बरं हाय."

नसरीनच्या प्रयोगाच्या खोलीत फ्रिज. पण आत भाजी नाही, नुसत्या काचेच्या नळ्या. त्यातली एक तिनं उजेडात धरली. "ही ओळखा." मला काय ओळखू येणार. ती म्हणाली, "तुमची आंबील. येळवशीला बाटलीत नेली होती ना, त्यातले जीव मी वाढवत राहिले. आंबील आंबवणारे. अजून जिवंत हायत."

मी नळी हातात घेतली. गार होती. त्याच मडक्यातली आंबील, जे मालकांनी डोक्यावर घेतलं होतं. मी नळी परत देईना तेव्हा नसरीन म्हणाली, "धरा की, घाई न्हाई."

तेवढ्यात पल्लवी पळत आली आणि गळ्यातच पडली. वाळलीय. मी डबा काढला, तिनं तिथंच उभ्यानं शेंगाची पोळी खाल्ली. मग मीच विचारलं, "तुझ्या आजोबाचं हाय का गं तुझ्याकडं?"

तिचं तोंड थांबलं. "हाय. पण ते बिघडलंय, आजी. मॅडम म्हणल्या, हे वापरता येणार न्हाई."

"मला काय वापरायचंय त्याला. लाव."

तिनं माझ्या कानांवर ते दोन वाट्यांसारखं यंत्र बसवलं. आधी वारा. मग कडबा वाजला. आणि मग मालक. लांबून, पोटातून, शेवट ओढत दिलेली आरोळी. मला वाटलं मागं उभे आहेत. वळून बघितलंच मी, भिंत होती.

लगेच दुसरा आवाज, पार कानाला लागून. माझा. "जपून, ढेकळं हायत." मालकांची आरोळी. माझं, "आंबील सांडायली बघा." आरोळी अर्धी. माझं, "त्या कोपऱ्याचं राहिलं." सगळ्या फेरीभर मी त्यांच्या मागं बोलतच होते. आणि शेवटी मालक थांबले, दम खाल्ला आणि म्हणाले, "तू वरडतीस का मी वरडू?"

मी हसले. मग ते यंत्र काढून पदर तोंडाला लावला. मग परत बसवलं आणि म्हणलं, पुन्हा लाव. पल्लवीनं लावलं. तिला पण पाठ होतं, तिचे ओठ हलत होते.

"गावागावांची आरोळी हाय माझ्याकडं," ती म्हणाली, "आपल्या शेताचीच नीट न्हाई. ह्या वर्षी कोण देईल?"

"तुझा काका येईल की पुण्याहून."

"काकाला येत न्हाई. तुला येती."

"मला? बाईमाणूस कधी आरोळी देतं का?"

"मागच्या वर्षी निम्मी फेरी तुझंच चालू होतं की," पल्लवी म्हणाली. गौतम दारात उभा होता, तो खाली बघून हसला.

मी हो म्हणाले नाही. रात्री वसतिगृहात तिच्या खोलीवर निजले, दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये पोहे खाल्ले, बरे होते, शेंगदाणे कमी. तिघंही स्टँडवर सोडायला आले. पल्लवीनं ते बिघडलेलं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये घालून दिलं. गाडी हलताना नसरीन खिडकीशी म्हणाली, "आजी, आंबील जास्त करा, मला दुसरी नळी पण भरायची हाय."

घरी येऊन आता चार-दोन आठवडे झाले. रेकॉर्डिंग मी रोज लावत नाही. झिजायचं नाही ते, हे मला कळतं, तरी पण. आवाज परत बसलाय कानात, तेवढं खरं. तुरीला पाणी द्यायला जाते तेव्हा कुणी नाही असं बघून बांधावर उभी राहते आणि आरोळी देऊन बघते. शेवट ओढायला दम पुरत नाही. मधेच मीच म्हणते, ढेकळं हायत. आणि मग गप राहून ऐकते, कुणी काही म्हणतंय का.

चुना आणून ठेवलाय. मडकं नवं घेतलं, आधीचं मला उचलवत नाही. येळवशीला येतो म्हणालेत तिघंही, सकाळच्या पहिल्या गाडीनं.