मालकाची भिंत

त्याला सगळे ओळंबा म्हणत. गवंडी होता म्हणून, आणि एकदा ठरवलं की बोटभरही इकडचा तिकडं होत नसे म्हणूनही. त्याने बांधलेल्या भिंतीत कुणी खोट काढून दाखवावी! स्वतः मात्र अकरा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला आणि तिथली आतली भिंत बारमाही ओली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा पाइप त्या भिंतीतून खाली आला होता आणि मध्येच कुठंतरी फुटला होता. वर घरमालक राहायचा. ओळंबा दर महिन्याला जिना चढून सांगायचा, "मालक, पाइप बदलून द्या." मालक हसून म्हणायचा, "मिस्त्री, जगाच्या भिंती दुरुस्त करता, हीपण करून टाका की." झालं, ओळंबा हटाला पेटायचा. घर यांचं, पाणी यांचं, मग हात माझे का? सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मालकाने पाइप बदलला नाही आणि याने थापी उचलली नाही.

दोघांच्या या हट्टात बायकोची छाती भरत गेली. तिची खाट त्याच भिंतीला लागून, दुसरीकडं जागाच नव्हती. रंगाचे पोपडे उशीवर पडायचे. ते झटकतानाही तिला दम लागायचा.

"मालकाचं राहू द्या, माझ्यासाठी करा," ती एकदा म्हणाली.

"आज हे केलं तर उद्या छप्परही माझ्याच गळ्यात मारेल तो."

बोलणं खरंच होतं त्याचं. अशा खऱ्याला काय चाटायचंय?

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, यांना या खोलीत ठेवू नका. लेक येऊन आईला घेऊन गेली. निघताना बायको एवढंच म्हणाली, "भिंत नीट झाली की येते मी." तरी हा पठ्ठ्या हलला नाही.

चार महिन्यांनी मालकाने खोल्या रिकाम्या करून घेतल्या. त्याला बँकेतला नोकरदार भाडेकरू मिळाला होता. त्या भाडेकरूने भिंतीवर नुसता हात फिरवला आणि म्हणाला, कोरडी करून द्या, मग बघू. मालकाने त्याच दिवशी ठेकेदाराला फोन लावला आणि ठेकेदाराने आपला सगळ्यात चांगला गवंडी पाठवला. पत्ता ऐकून ओळंबा नाही म्हणू शकला असता. पण त्याची अट तर पुरी होत होती. मजुरी मालक देणार होता.

त्याने गिलावा फोडला, प्लंबरने नवा पाइप जोडला, याने पुन्हा गिलावा चढवला. मालक दारात उभा राहून म्हणाला, "मिस्त्री, हाताला काय सफाई आहे तुमच्या." जणू आजच ओळख झाली होती.

संध्याकाळी त्याने बायकोला फोन करून सगळं सांगितलं. रविवारी भेटायला येतो, असंही म्हणाला.

"किती दिवस लागले?" तिने विचारलं.

कामाच्या बाबतीत तो आयुष्यात खोटं बोलला नव्हता.

"दीड."

तिला ढास लागली. मग लेकीने फोन घेतला.

"बाबा, आई म्हणतेय, रविवारी येऊ नका."